साडेचार किलोमीटरवरचा नेपच्यून

कातळकोंडच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा पटावर एकतीस मुलं होती, शिक्षक दोन, आणि खिचडी शिजवायला काशीताई. देवरूखहून एसटीनं पाऊण तास, मग फाट्यावर उतरून चालत. मी जालन्याचा. आमच्याकडच्या ज्या मास्तरांना कोकणात नोकरी लागते त्यातले बहुतेक पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज मनात घेऊनच वावरतात. मीही त्यातलाच. ते लपवण्यात अर्थ नाही.

काशीताई तेव्हा अडतीसची असेल. चौथी शिकलेली. नवरा दीपक मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला; शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी यायचा. एकच मुलगी, आरोही, माझ्याच वर्गात, पाचवीत. शाळेची स्वयंपाकाची खोली माझ्या वर्गाला लागून होती. मधल्या भिंतीत वर झरोका होता. त्यातून धूर माझ्याकडे यायचा आणि माझं शिकवणं तिच्याकडे जायचं. पहिले दोन महिने मला याचा पत्ताच नव्हता.

मग एका दुपारी मुलं जेवून हात धुत असताना ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, एक विचारू काय? रागवू नका."

"विचारा की."

"काल तुमी पोरांना सांगलात, गुरू ग्रहाला जमीनच नाय. निसती हवा. मग तो उभा कशावर हाय?"

मी बारा वर्षं शिकवत होतो. हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. मी म्हटलं, तो उभा नाहीच; तो सूर्याभोवती पडत असतो, सारखा, आणि पडता पडता फिरतो.

"म्हंजे जमीन नसली तरी चालतं तर," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

त्यानंतर ती रोज काहीतरी विचारायची. शनीची कडी कसली आहेत, मंगळावर गाडी फिरते ती चालवतं कोण, चंद्रावर माणसं गेली तर नंतर पन्नास वर्षं कुणीच का नाही गेलं. मला उत्तरं येत नसली की देवरूखच्या कॉलेजच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचो. आरोही आईसारखीच होती, फक्त आईपेक्षा धीट. सगळे उपग्रह तिला तोंडपाठ.

पुढच्या वर्षी मला एक कल्पना सुचली. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना चिकटून बसलेले असतात, त्यानं मुलांचा गैरसमज होतो. आपण खऱ्या प्रमाणात मांडू या. शाळेच्या भिंतीवर जवळपास दीड मीटर रुंदीचा सूर्य रंगवायचा आणि त्या हिशेबानं गावाच्या रस्त्यावर ग्रह बसवत जायचे. मी आकडेमोड केली आणि काशीताईंना सांगितलं. ती आत गेली आणि मुठीत एकेक जिन्नस घेऊन बाहेर आली. बुध मिरीच्या दाण्याएवढा. शुक्र नि पृथ्वी काबुली चण्याएवढी. चंद्र मुगाचा दाणा. मंगळ वाटाणा. गुरूला सोललेला नारळ, शनीला त्याहून बारका, युरेनस आणि नेपच्यूनला एकेक लिंबू. माझ्या वहीतले सेंटिमीटर तिच्या मुठीत बरोबर उतरले होते.

गणपतीत दीपक आला तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ मोरू यांनी जांभ्याचे चिरे आणले. एकेक चिरा उभा रोवायचा आणि त्याच्या माथ्यावर सिमेंटचा गोळा बसवायचा. पृथ्वी शाळेपासून दीडशे मीटरवर, मोरूच्या पडवीसमोर. गुरू पाऊण किलोमीटरवर, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पुलाशी. शनी दीड किलोमीटरला थोडा कमी. त्याची कडी तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापली. युरेनस पावणेतीन किलोमीटरच्याही पुढं, एका काजूच्या बागेशेजारी. आणि नेपच्यून बरोबर साडेचार किलोमीटरवर, सड्याच्या उघड्या कातळमाळावर, जिथं एसटीचा फाटा आहे.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही सगळी शाळा घेऊन सूर्यापासून नेपच्यूनला चालत गेलो. पहिले चार ग्रह पाच मिनिटांत संपले आणि मुलं खूश झाली. मग गुरू येईपर्यंत कुरकुर. शनीनंतर पहिलीतली दोन पोरं रडायला लागली, त्यातलं एक काशीताईंनी कडेवर घेतलं. युरेनसपाशी तिनं सगळ्यांना चिवडा दिला. नेपच्यूनला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सड्यावर वाळलेलं गवत आणि काळा कातळ, दुसरं काही नाही. मुलं त्या लिंबाएवढ्या गोळ्याकडे बघत उभी राहिली.

"इथं कोण आलं होतं, गुरुजी?" काशीताईंनी विचारलं.

"एकच यान. बारा वर्षं चालून एकोणनव्वद साली पोचलं. थांबलं नाही, जवळून पुढं गेलं."

"परत कोण?"

"परत कोणीच नाही."

"आनि ह्याच्याम्होरं? दुसरा सूर्य कुठं?"

ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. म्हटलं, याच मापानं सर्वांत जवळचा दुसरा तारा चाळीस हजार किलोमीटरवर येईल. म्हणजे इथून चालत निघायचं, अख्ख्या पृथ्वीला वळसा घालायचा आणि परत याच फाट्यावर यायचं, तेव्हा तो.

मुलं हसली. काशीताई हसली नाही. कडेवरचं पोर खाली ठेवत तिनं विचारलं, "मधे एकपण वाडी नाय?"

"एकपण नाही."

त्या दिवसापासून ती त्या चिऱ्यांची राखणदार झाली. पावसाळ्यात गोळ्यांवर शेवाळ धरायचं, ते ती काथ्यानं घासायची. शिमग्याआधी रंग द्यायची. गुरं बांधायला कुणी शनीला दावं गुंडाळलं तर त्याच्या घरी जाऊन सांगून यायची. गावातली माणसं तिला "नासावाली" म्हणायची. तिला राग यायचा नाही.

अठराच्या मे महिन्यात माझी बदली झाली. आदेश हातात पडला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात एकटाच हसलो होतो. काशीताईंनी निघताना मला कोकमं आणि काजूगर दिले. आरोही आता सातवीत जाणार होती. एक ट्रस्ट त्या वर्षी आमच्या भागातल्या शाळांतून परीक्षा घेऊन दोन मुलांना अवकाश केंद्र दाखवायला दक्षिणेत नेणार होता. मी आरोहीला शब्द दिला, "मी फोनवर तयारी करून घेईन. दर रविवारी."

सहा-सात रविवार मी फोन केला. त्यांच्याकडे रेंज नसायची. मोरूच्या फोनवर करायचो, मग आरोही फोन घेऊन टेकाडावर जायची. मग माझ्या नव्या शाळेत कामं वाढली, आईचं दुखणं निघालं, आणि एक रविवार चुकला तसे पुढचेही चुकत गेले. जुलैत मी पेपरात एक छोटी बातमी वाचली. गुरूचे आणखी बारा चंद्र सापडले होते आणि एकूण एकोणऐंशी झाले होते. मी आरोहीला सदुसष्ट शिकवले होते. बातमी वाचताना मला तिचीच आठवण आली. संध्याकाळी फोन करू असं ठरवलं. केला नाही.

जानेवारीत लेखी परीक्षेतून आरोही मुलाखतीला निवडली गेली. काशीताई तिला घेऊन रत्नागिरीला गेली. तिथं आरोहीला सात प्रश्न विचारले, सहा आले. सातवा, गुरूला ज्ञात चंद्र किती. आरोही ताठ बसून म्हणाली, सदुसष्ट. ती तिसरी आली. निवडलेल्या दोघांत आणि तिच्यात एका गुणाचा फरक होता.

हे मला नंतर काशीताईंकडूनच कळलं. येताना एसटीत आरोहीनं आईला एवढंच विचारलं होतं, "गुरुजींना ठावं नव्हतं काय?" आई म्हणाली, "नसंल." आरोहीनं त्यानंतर ग्रहांची वही उघडली नाही. दहावीनंतर ती आर्ट्सला गेली.

तेवीस साली ऑगस्टात आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी आमच्या शाळेत ढोल होते, पडदा लावला होता, मी सूत्रसंचालन करत होतो. रात्री फोन बघितला तर काशीताईंचे तीन मिस्ड कॉल. दोन दिवसांनी मी उलट फोन केला.

"बघितलंत काय, गुरुजी?" ती म्हणाली. "आमी अंगणवाडीत मोरूच्या फोनावर बघत होतो. चार पोरं नि मी. अगदी खाली आलं नि रेंज गेली. मग वरच्या वाडीत फटाके वाजले तेव्हा कळलं की उतरलं."

"आरोही होती का?"

"नाय. ती म्हणाली, तुमीच बघा."

मग माझं तिकडं जाणं झालं ते थेट गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. देवरूखला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच एसटीनं कातळकोंडच्या फाट्यावर उतरलो.

रस्ता ओळखू आला नाही. दुप्पट रुंद झाला होता, कडेनं सिमेंटची गटारं. फाट्यावर नेपच्यूनचा चिरा होता, पण त्याला शेंदूर फासलेला होता. वर पत्र्याची शेड, पितळी घंटा, पुढं उदबत्त्यांची राख. रस्ता तेवढ्या जागी वळसा घेऊन गेला होता. मुंबईच्या नंबरची एक गाडी थांबली होती आणि एक कुटुंब पाया पडत होतं. त्यातल्या बाईंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "कोणता देव हो हा? जागृत आहे म्हणतात."

मी म्हटलं, "मी पण बाहेरगावचाच आहे." आणि खोबरं खाल्लं.

मग चालत निघालो. काजूच्या बागेशेजारी युरेनस नव्हता. शनी नव्हता. पुलाशी गुरू नव्हता. पूलही नवा होता. शाळेला कुलूप होतं. भिंतीवरच्या सूर्याचा अर्धा गिलावा पडला होता.

काशीताई घरीच होती. केस पिकले होते. बोटं काळी पडली होती, कातडी सोलवटलेली. ती आता देवरूखच्या वाटेवरच्या काजूच्या कारखान्यात जाते, तिथं काजूच्या टरफलातल्या तेलानं हात असे होतात. मला बघून तिनं पटकन हात पदरात घेतले. मग चहा टाकला आणि माझ्या आईची चौकशी केली. आई गेल्याचं मी सांगितलं.

मी विचारलं, "ग्रहांचं काय झालं?"

तिनं सांगितलं ते असं. चोवीसच्या जानेवारीत रस्त्याचं काम सुरू झालं. जेसीबी घेऊन ठेकेदाराचा मुकादम आला, तेव्हा ती शनीच्या चिऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, देवाचा दगड असेल तर सांगा. आम्ही हात लावत नाही, वळसा घालून जातो. खाली म्हसोबा असाच सोडलाय."

काशीताई म्हणाली, "देव नाय. ग्रह हाय."

"कसला ग्रह?"

"शनी."

"मग शनिदेवच ना!" मुकादमानं लगेच ड्रायव्हरला हात केला. "थांब रे. शनिदेव आहे."

तिनं एवढ्यावर गप्प बसायचं होतं. मोरू शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "वैनी, हाय म्हण. तुझं काय जातंय?" रस्त्यावर आणखी दहा-बारा माणसं होती, त्यांनीही तेच सांगितलं.

"शनिदेव येगळा," ती म्हणाली. "हा शनी. हा वायूचा गोळा हाय. ह्याला बासष्ट चंद्र हायत. शाळेतल्या पोरांसाठी बसवलाव."

मुकादम हसला. माणसंही हसली. मग त्यानं मोजणीचा कागद बघितला आणि जेसीबीला खूण केली. एकाच दुपारी शनी, गुरू आणि युरेनस गेले. गुरूचा गोळा फुटला नाही, अख्खाच पऱ्यात गेला.

"देव आहे असं का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"मग पोरांना दुसऱ्या दिवशी काय सांगणार होते? शनी देव हाय म्हणून?" ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरं होती चारच. त्यातली दोन रस्त्याचं काम बघत हसत होती."

नेपच्यून वाचवला तो मोरूनं. त्याला वहिनीची दया आली. त्याच संध्याकाळी तो फाट्यावर गेला, चिऱ्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. जेसीबीवाले सकाळी तिथं पोचले आणि वळसा घालून गेले. मोरूनं घरी येऊन आनंदानं सांगितलं, "वैनी, एक तरी ऱ्हायला तुझा."

काशीताई बालदी आणि काथ्या घेऊन साडेचार किलोमीटर चालत गेली आणि शेंदूर घासून काढला. पण तोवर चारजणांनी तिथं हात जोडले होते. दोन दिवसांनी त्याच वळणावर एक रिक्षा उलटली. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. वाडीची बैठक बसली. देवाचा शेंदूर काढला म्हणून हे झालं, असं ठरलं. मोरू सांगत राहिला की चिरा वाचवायला शेंदूर मीच लावला होता, देव वगैरे सगळं खोटं. त्याचं कुणी ऐकलं नाही. काशीताईंना सांगितलं, नारळ ठेवायचा आणि सगळ्यांदेखत चुकीची माफी मागायची. नाहीतर वाडीतलं कुणी तुमच्या दारात येणार नाही.

"मग?"

"ठेवला." ती काळ्या बोटांकडे बघत होती. "उभी ऱ्हायले नि म्हटलं, देवा म्हाराजा, चुकलं माकलं पोटात घे. आरोहीचं लगीन व्हायचं हाय. मना हितंच ऱ्हायचं हाय, गुरुजी. दुसरीकडं कुठं जातंय मी?"

पृथ्वीचा चिरा कुणीतरी आवाराच्या दगडी गडग्यात घातला होता. बाकीचे रस्त्याच्या गटारात गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पट दोनवर आला आणि शाळा खालच्या गावातल्या शाळेत विलीन झाली. काशीताईंचं काम संपलं. दीपक आता शिमग्यालाही येत नाही. आरोही बारावीनंतर मुंबईला गेली, नालासोपाऱ्यात साडीच्या दुकानात काउंटरवर असते.

वाडीत आता रेंज येते; काशीताईंनी तिला व्हिडिओ कॉल लावला. "बघ कोण आलंय. गुरुजी!" पडद्यावर आरोही दिसली, लिपस्टिक लावलेली, मागं साड्यांचे ढीग. तिनं मला ओळखायला क्षणभर घेतला.

"हां, नमस्कार सर. बरे आहात ना? आई, गिऱ्हाईक आहे. ठेवते."

मी तेव्हा काशीताईंना सांगितलं. की एकोणऐंशी हा आकडा मला मुलाखतीच्या सहा महिने आधी ठाऊक होता. की मी फोन करणार होतो. इतक्या वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती रागावेल, रडेल, निदान काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच आलो होतो.

ती म्हणाली, "असू दे. चहा गार होतोय."

मला ते सहन झालं नाही. मी घाईघाईनं बोलायला लागलो. म्हटलं, आपण परत मांडू या. खालच्या शाळेत बोलतो मी, गटशिक्षणाधिकारी माझ्या ओळखीचे आहेत, नवे चिरे आणू, रस्त्यापासून आत बसवू, मी सुट्टीत येईन. शनीला आता दोनशे चौऱ्याहत्तर चंद्र मोजलेत, गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राकडे एक यान निघालंय, मुलांना सगळं नव्यानं सांगू. मी बोलत होतो आणि ती ऐकत होती, पण पूर्वी जशी मान थोडी तिरपी करून ऐकायची तशी नाही. नळाला पाणी येण्याची वाट बघताना माणूस बसतो तशी.

"कोणासाठी?" तिनं विचारलं.

वाडीत दोन मुलं राहिली होती. दोघंही व्हॅननं देवरूखला इंग्रजी शाळेत जातात. ते तिनंच मला आल्याआल्या सांगितलं होतं.

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मी आता वर बघत नाय, गुरुजी. कारखान्यात मान खाली घालून बसावं लागतं आठ तास. रातचं घरी आलं की मान वर करवतच नाय." तिनं ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजीला मीठ जास्त झालं असं सांगावं तसं सांगितलं.

बाहेर हॉर्न वाजला. कारखान्याची गाडी दुपारच्या पाळीच्या बायकांना न्यायला आली होती. काशीताईंनी डबा पिशवीत घातला, तेल लागू नये म्हणून हातांना राख चोळली, मला म्हणाली, "तुमी बसा निवांत, एसटीला अवकाश हाय. जाताना दार लोटून घ्या, कुत्री शिरतात." मग ती पायऱ्या उतरून गाडीत चढली. आत सात-आठ बायका होत्या, सगळ्या मान मागं टेकून डोळे मिटलेल्या. एकीनं सरकून तिला जागा दिली.

गाडी नव्या रस्त्यानं गेली. वळणाआड दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता. मी पडवीत बसून राहिलो. चहाचा कप विसळून पालथा घातला, दार लोटलं आणि फाट्याकडे चालायला लागलो.